गाभ्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली, नर्सबाई आत आल्या आणि दार मिटायच्या आत म्हणाल्या, "मिसेसचे टाके सुकले ना हो नीट? मी मधे मुलाकडे जाऊन आले, विचारायचं राहूनच गेलं." तो म्हणाला, "हो, सुकले." "खाज येते म्हणत होत्या. येणारच. खाजवू नका म्हणावं." "सांगतो." "आणि जड काही उचलू देऊ नका एवढ्यात. बायका ऐकत नाहीत." "नाही, नाही." लिफ्ट तळमजल्याला टेकली. नर्सबाईंना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण अजूनही त्या समोरच्या माणसाच्या चेहऱ्याआधी त्याच्या हातांकडे बघत. त्यांनी त्याच्या हातातली जड बॅग पाहिली, त्याला आधी बाहेर पडू दिलं, आणि तो फाटकापर्यंत नेहमीच्या चालीनं चालत गेला. फाटकाशी त्याच्या लक्षात आलं की आपल्याला यातलं काही म्हणजे काही माहीत नाही. कसले टाके, कुठले, कधी पडले. उत्तरं मात्र त्यानं जराही न अडखळता दिली होती. वर परत जाऊन बायकोला विचारायला वेळ होता. ती अजून घरातच होती, शाळेला निघायच्या गडबडीत एका पायात चप्पल घालून दुसरी शोधत असणार. पण बस येताना दिसली, आणि बस सोडायची म्हणजे काहीतरी घडलंय हे कबूल करायचं. त्यानं बस पकडली.

खिडकीची जागा मिळाली. आता आपल्याला काहीतरी वाटेल म्हणून तो वाट बघत बसला. धक्का बसला की छातीत धडधडतं, कानशिलं तापतात, हे त्यानं तरुणपणी एकदोनदा अनुभवलं होतं, तेव्हा काय होतं ते अगदीच ठाऊक नव्हतं असं नाही. दात काढल्यावर बधिर झालेल्या ओठाला बोट लावून बघावं तसा तो नर्सबाईंचं वाक्य पुन्हा पुन्हा मनात म्हणून बघत होता. बोटाला ओठ लागत होता, ओठाला बोट लागत नव्हतं. समोरच्या बाकावरचा माणूस उघड्या तोंडानं झोपला होता. रस्त्याच्या कडेला खोदकाम चाललं होतं आणि कामगार खड्ड्यात उतरून कसल्यातरी नळाकडे टक लावून उभे होते. बायकोनं आपल्यापासून लपवलं, असं तो स्वतःला म्हणाला. वाक्य ठीक होतं, रागावण्याजोगं होतं. राग आला नाही. त्याऐवजी आठवलं ते उद्याचं. उद्या तिला उत्तर कळवायचं होतं. दुसऱ्या गावातली शाळा तिला मुख्याध्यापिका म्हणून बोलावत होती. तिची ताई त्याच गावात राहत होती. राहायला घर मिळणार होतं, एका माणसाला पुरेल एवढं. तिनं हे त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, "तुझ्या मनासारखं कर," आणि आपण किती मोकळ्या मनाचे आहोत असं वाटून त्याला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं होतं. ती त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिली होती आणि मग "बरं" म्हणाली होती. त्या "बरं"मध्ये किती पाणी मुरत होतं ते आता बसमध्ये त्याला दिसायला लागलं. जी बाई अंगाला टाके पडल्याचं नवऱ्याला सांगत नाही ती उद्या काय कळवणार, हे सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नव्हती. संध्याकाळी घरी गेल्यावर विचारायचं, किंवा विचारायचं नाही. विचारलं नाही तर ती जाणार. विचारलं तरी जाईल, पण निदान तो प्रश्न तरी त्यांच्यामध्ये पडेल. एवढंच त्याच्या हातात उरलं होतं, आणि तेसुद्धा त्याला नुसतं कळत होतं, जाणवत नव्हतं.

त्याचं काम सांगायला सोपं होतं. समारंभात कुणी विचारलं की तो ते सांगायचाही. एक मोठं, आतून पोकळ, हातातल्या कड्याच्या आकाराचं भांडं आहे. त्यात वायू इतका तापवायचा की त्याचा वायूही राहत नाही, प्लाझ्मा होतो. तो भिंतीला लागू द्यायचा नाही, म्हणून भोवती चुंबक लावून अधांतरी धरायचा. सूर्यात जे चालतं ते इथे चालवून वीज काढायची, पुढेमागे. लोकांना वाटतं, तापवणं हेच कठीण. तापवणं कुणीही करील. कठीण आहे ते धरून ठेवणं. गाभ्यातली ऊब काठाकडे झिरपते, कणही झिरपतात, आणि गणित म्हणतं त्याच्या कितीतरी पट लवकर झिरपतात. हे असं का होतं ते कळावं म्हणून मला पगार मिळतो. वीस वर्षं झाली, अजून कळलेलं नाही, आणि तरी पगार थांबलेला नाही. यावर लोक हसायचे, बायकोही हसायची, निदान पहिली काही वर्षं. त्यापुढचं तो समारंभात सांगत नसे, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. ही गळती थेट कुणी मोजत नाही, मोजता येत नाही. आत किती ऊब घातली ते माहीत असतं, आत किती उरली ते माहीत असतं, वजाबाकी केली की जे येतं ती गळती. आकडे जुळले की सगळे खूश. पण कुठून, कशी, कुठल्या क्षणी काय निसटलं, ते या वजाबाकीत येत नाही. ते हवं असेल तर चालू प्लाझ्माला जरा डिवचावं लागतं. काठाला काहीतरी करायचं आणि गाभ्याला ते कळायला किती वेळ लागतो ते बघायचं. त्याच्या अर्जात त्यानं हेच लिहिलं होतं आणि दोन वर्षं खेटे घालून आजचा दिवस मिळवला होता. आज सगळं यंत्र त्याच्या प्रयोगासाठी चालणार होतं.

बस पुलावर अडकली तेव्हा त्याला ते तीन दिवस आठवले. मागच्या महिन्यातले, प्रयोगांचा हंगाम ऐन भरात असतानाचे. ती घरी नव्हती. तिची निळी बॅग कपाटावर नव्हती, ओट्यावर त्याच्यापुरतं जेवण झाकून ठेवलेलं होतं, फोनवर ताईचा आवाज होता, "तिची काळजी करू नका, मी आहे." म्हणजे ती ताईकडे गेलेली. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्यानं काढलेलं उत्तर होतं ते, पण इतक्या दिवसांत ते सांगितलेल्यासारखं घट्ट होऊन बसलं होतं. मग ती परत आली. परत आल्यावर ती हळू चालायची. जिना चढताना कठड्याला धरायची. उताणी झोपायची, आणि कुशीवर वळायचं झालं तर आधी थोडं थांबून मग वळायची. एकदा धुतलेल्या कपड्यांची बादली तिनं गॅलरीच्या दाराशी तशीच सोडली होती आणि दिवसभर ती तिथेच होती. वाटेत येते म्हणून त्यानं ती उचलून आत नेली, तेव्हा ती "थँक्यू" म्हणाली. घरात कुणी बादलीसाठी थँक्यू म्हणतं का? त्याला तेव्हा ते विचित्र वाटलं होतं, हे आता आठवलं. यातलं प्रत्येक त्यानं पाहिलं होतं. आंधळा नव्हता तो. प्रत्येकाला त्यानं एकेक कारण देऊन टाकलं होतं. परीक्षांचे दिवस आहेत, पाठ धरली असेल, वय होतंय. मग सगळ्याची गोळाबेरीज करून, भागाकार करून, सरासरी काढली होती, आणि सरासरी नेहमीसारखीच आली होती.

कंट्रोल रूममध्ये खिडक्या नव्हत्या. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे आत येणाऱ्यांच्या खांद्यांवरून कळायचं. पडद्यांच्या तीन रांगा, मधल्या रांगेत कप्तान. कप्तान म्हणजे प्रयोगाचा दिवस चालवणारी बाई. हे तिचं हुद्द्याचं नाव नव्हतं, पण तिला कुणी दुसऱ्या नावानं हाक मारल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्याच्या शेजारी गॅसवाला. वायू किती आणि कधी सोडायचा ते याच्याकडे, आणि सकाळपासून तोंड बंद म्हणून नाही. "काय राव, आज तुझं लग्न," गॅसवाला म्हणाला. "दोन वर्षं मुंडावळ्या बांधून बसलायस." तो हसला. त्याला हसता येत होतं, सगळं करता येत होतं. प्रयोग साधा होता. प्लाझ्मा पेटवायचा, स्थिर होऊ द्यायचा, मग गॅसवाल्यानं काठाला चिमूटभर गार वायू सोडायचा. काठ गारठतो. ते गारठणं आत कसं सरकतं, ते त्यानं त्याच्या तापमापकावर बघायचं. हा तापमापक प्लाझ्मात बुडवायचा नसतो, बुडवला तर उरणार नाही. तो दूर बसून, एका छोट्या काचेतून, तापलेल्या कणांतून बाहेर पडणाऱ्या लहरी ऐकतो. काचेपुढे झडप असते. दोन शॉटच्या मध्ये भांड्याची साफसफाई चालते, तेव्हा झडप लावून घ्यायची आणि शॉटआधी उघडायची. शॉट म्हणजे प्लाझ्माचं एकदा पेटून विझणं. जेमतेम काही सेकंद टिकतो, आणि मग चुंबक निवेपर्यंत सगळ्यांनी बसून राहायचं.

प्रत्येक शॉटआधी कप्तान एकेकाला विचारत जाते. हा रिवाज यंत्राइतकाच जुना होता. "चुंबक?" "तयार." "निर्वात?" "तयार." "गॅस?" "तयार आणि उपाशी," गॅसवाला म्हणाला. "तापमापक?" "तयार," तो म्हणाला. उलटी मोजणी झाली, दूरच्या हॉलमधून तो ओळखीचा दबका आवाज आला, फरशीतून पायांना कळतो तेवढाच, मोठ्या पडद्यावर गुलाबी उजेड पसरला आणि विझला. सगळ्यांचे आलेख उमटले. त्याच्या पडद्यावर सरळ रेघा होत्या. वरपासून खालपर्यंत सगळ्या रेघा सरळ, एकीवर एक. तो त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला आधी वाटलं, हे बरोबरच आहे. "तुझा प्लाझ्मा आज फारच समजूतदार दिसतोय," मागून कुणीतरी म्हणालं. कप्तान उठून त्याच्या खुर्चीमागे आली. तिनं कोपऱ्यातल्या लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. झडप बंद होती. "तू तयार म्हणालास," ती म्हणाली. "हो." "बघून म्हणालास?" त्यानं विचार केला. "नाही," तो म्हणाला, "तू विचारलंस म्हणून म्हणालो." हे ऐकून दोनतीन जण हसले. कप्तान हसली नाही. ओरडलीही नाही. तिला त्याची काळजी वाटली असावी, कारण तिनं आवाज खाली आणला. "वीस वर्षांत तुझी झडप कधी बंद राहिली नव्हती. बरं आहे ना सगळं घरी?" "हो," तो म्हणाला. तेही तिनं विचारलं म्हणून.

चुंबक निवेपर्यंतचा वेळ नेहमी लांबतो. गॅसवाल्यानं डबा उघडला, त्याच्यापुढे केला, त्यानं नको म्हटलं. "तुला बायको सगळं सांगते?" त्यानं विचारलं. गॅसवाल्याचा घास हातातच राहिला. असले प्रश्न त्यांच्यात होत नसत. "सगळं? अरे, न सांगता राहील तर शपथ. ती शिंकली तरी मला फोन येतो. तिच्या भावाच्या सासऱ्याचं गुडघ्याचं हाड, शेजारणीचा मिक्सर, सगळं मला ठाऊक असतं." "ऐकतोस?" "हं म्हणतो. हं म्हणायला डोकं कुठे लागतं?" गॅसवाला खाऊ लागला, मग मधेच थांबून म्हणाला, "का रे? भांडलात?" "नाही. आम्ही कधीच भांडत नाही." हे खरं होतं. लोक त्यांचं उदाहरण द्यायचे. एवढ्या वर्षांत आवाज चढलेला कुणी ऐकला नाही. मूल झालं नाही तेव्हासुद्धा दोघांनी एकमेकांना समजून घेतलं होतं, इतकं की पुढे त्याविषयी बोलायचीच गरज राहिली नाही. ती रात्री पेपर तपासायची, तो आलेख बघायचा. दिव्याचा उजेड दोघांना पुरेल असा टेबलाच्या मधोमध असायचा. तेव्हा त्याला हे सुख वाटायचं. त्याला शंका आली की ते सुख होतंही, आणि मग कधीतरी, कुठल्याही एका दिवशी नव्हे, ते तसंच दिसत राहून दुसरं काहीतरी झालं. त्यानं फोन काढला. ताईचा नंबर समोर होता. तिला विचारलं तर सगळं कळलं असतं, घरी जाऊन माहीत असल्यासारखं वागता आलं असतं. मग तो टाके पडू शकतात अशा गोष्टी मनातल्या मनात मोजू लागला आणि एकेक खोडू लागला. हात नाही, पाय नाही, चेहरा नाही. जिना चढताना त्रास, कुशीवर वळताना त्रास, जड उचलायचं नाही. म्हणजे पोट. पोट, म्हणजे मग काय काय. वजाबाकीनं तो उत्तराच्या बराच जवळ आला होता, तेव्हा त्याला स्वतःचीच किळस आली. किळस म्हणजे फार काही नव्हतं ते, नुसती एक चव. पण सकाळपासून आलेली पहिलीच. त्यानं फोन पालथा ठेवला.

पुढच्या शॉटला झडप त्यानं स्वतः जाऊन बघितली. "तापमापक?" "तयार. उघडी आहे." गुलाबी उजेड पसरला, स्थिरावला, गॅसवाल्यानं बटण दाबलं. काठाच्या रेघा एकदम कोसळल्या. आणि त्याच क्षणी, मधल्या रेघा होत्या तिथेच असताना, सगळ्यांत आतली, गाभ्याची रेघ वर चढू लागली. खोलीत कुणीतरी शीळ घातली. हे त्याला अपेक्षित होतं. असं होतं, हे जुन्या जाणत्यांना ठाऊक आहे. काठ गारठवला की कधीकधी गाभा उलट तापतो, आणि तोही इतक्या चटकन, की गारठा तिथवर चालत पोचला असं म्हणायची सोयच राहत नाही. खुलासे बरेच आहेत, एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. पण आज ते इतकं स्वच्छ आलं होतं की सिद्धांतवाल्यांना सहा महिने काम पुरलं असतं. कप्ताननं त्याच्या पाठीवर थाप मारली. "बघ, झालं की नाही? डिवचल्याशिवाय कळत नाही म्हणत होतास ना." लोक उठून त्याच्या पडद्यापाशी आले, कुणी फोटो काढला. तो मधे बसून त्या चढत्या रेघेकडे बघत होता. दोन वर्षं या रेघेसाठी त्यानं किती जणांच्या मिनतवाऱ्या केल्या होत्या. ती सुंदर होती, हे त्याला कळत होतं. यंत्राची आणि माणसाची तुलना करणाऱ्या लोकांचा त्याला पहिल्यापासून कंटाळा होता. भाषणं देताना असले लोक प्लाझ्माला लहान मूल म्हणतात, आणि टाळ्या पडतात. प्लाझ्मा प्लाझ्मा असतो. तो स्वतःकडे तसं बघत होता ते केवळ मोजण्याच्या सवयीनं. सकाळी काठाला काहीतरी लागलं होतं, आता दुपार झाली होती, आणि आत, जिथे कुठे आत म्हणतात तिथे, अजून काही पोचलं नव्हतं. तो उशीर बघून त्याला भीती वाटली. ती मात्र खरी भीती होती, तळहाताला घाम आणणारी. तो बसून राहिला, घाम पुसला आणि पुढच्या शॉटसाठी आकडे बदलून दिले.

घरी आला तेव्हा उजेड होता. ती जेवणाच्या टेबलाशी बसून कंपासनं उद्याच्या तासासाठी मोठ्या कागदावर वर्तुळं काढत होती. शाळेत पडद्यावर दाखवायची सोय होती, पण वर्तुळ मुलांपुढे हातानं काढलेलं असावं असा तिचा हट्ट होता. "लवकर आलास." "प्रयोग झाला." "चांगला झाला?" "हो, फार चांगला." "अरे वा," ती म्हणाली, आणि कंपासचं टोक पुढच्या बिंदूवर टेकवलं. त्यानं बॅग ठेवली नाही. ती ठेवली असती तर तो हात धुवायला गेला असता, मग चहा, मग बातम्या. "तिसऱ्या मजल्यावरच्या बाई भेटल्या लिफ्टमध्ये. तुझे टाके सुकले का विचारत होत्या." "मग काय सांगितलंस?" "सुकले म्हटलं." "बरोबर आहे. सुकले." वर्तुळ पूर्ण झालं. ती दुसऱ्या बिंदूकडे वळली. तो उभाच होता. विषय इथेच संपत होता, आपोआप, फार सभ्यपणे, आणि उद्या ती उत्तर कळवणार होती. "कसले टाके?" त्यानं विचारलं.

तिनं मान वर केली. आधी तिला तो थट्टा करतोय असं वाटलं, ओठांचा कोपरा हललाही. मग तिनं कंपास कागदावर आडवा ठेवला. "कसले म्हणजे?" "मला माहीत नाही. तू मला सांगितलं नाहीस." हे म्हणताना त्याचा आवाज जरा दुखावलेला निघाला, आणि त्याला बरं वाटलं, कारण दुखावण्याचा हक्क आपल्याला आहे असं तो दिवसभर धरून चालला होता. "सांगितलं नाही," ती म्हणाली. विचारलं नाही तिनं, नुसतं परत म्हणून बघितलं. "तू त्या खुर्चीत होतास. मी इथे. मी म्हटलं, ओव्हरीला गाठ आहे, काढायला सांगितलीय, काढून तपासायला पाठवणार आहेत. तू विचारलंस, डॉक्टर चांगले आहेत ना. मी म्हटलं, आहेत. कधी आहे, विचारलंस. गुरुवारी. तू म्हणालास, गुरुवारी माझे महत्त्वाचे शॉट आहेत, ताईला बोलावून घे. मी म्हटलं, ती शुक्रवारशिवाय येऊ शकत नाही. ठीक आहे म्हणालास." तिचा आवाज वर्गात रीत समजावून सांगावी तसा सरळ होता. तो आठवू लागला. खुर्ची आठवत होती. दिवा आठवत होता. त्या गुरुवारचे शॉट त्याला सगळेच्या सगळे आठवत होते, कुठला किती वेळ टिकला, कुठला का विझला. त्या संध्याकाळीही त्याच्यासमोर कुठलातरी आलेख असणार. तिचे शब्द कुठेच नव्हते. आपण दिलेली उत्तरंसुद्धा नव्हती, आणि उत्तरं तर किती नीट होती. डॉक्टर चांगले आहेत ना. चांगल्या नवऱ्यानं विचारावं असंच विचारलं होतं त्यानं.

"मला आठवत नाही," तो म्हणाला. तिच्या चेहऱ्यावर जे चाललं होतं ते त्यानं इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि तो राग नव्हता. "मला वाटलं होतं, तुला यायचं नव्हतं," ती म्हणाली. "म्हटलं, असतात माणसं अशी. घाबरतात दवाखान्याला. कामाच्या आड लपतात. रडले थोडी, मग म्हटलं, त्याला कळलंय, पण झेपत नाहीये. त्यालाही आत कुठेतरी लागत असेल. ते मी पचवलं रे. इतके दिवस तुला माफसुद्धा करत होते मी, तुझ्या नकळत. आता तू म्हणतोस, तू तिथे नव्हतासच." "मी…" "थांब. बोलू नकोस. तू बोललास की ते इतकं बरोबर असतं." खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि कुणीतरी तिला "या, या, अजून या" म्हणत होतं. ती ऐकत बसली, ते संपेपर्यंत. मग म्हणाली, "उद्या मी येते म्हणून कळवणार आहे. हे आत्ताचं म्हणून नाही. ते मागच्याच आठवड्यात ठरलं, तू मनासारखं कर म्हणालास तेव्हा." तो ऐकत होता. यावर म्हणण्यासारखी दोनतीन वाक्यं त्याच्याजवळ तयार होती, नीटनेटकी, समंजस, आणि त्यातलं एकही त्याला तोंडात आणवेना. त्यानं बॅग खाली ठेवली. त्या खुर्चीत बसायचं त्याच्या जिवावर आलं, म्हणून तो तिच्या शेजारच्या स्टुलावर बसला, जिथे ती वह्या ठेवायची. वह्या त्यानं मांडीवर घेतल्या.

"कुठे?" त्यानं विचारलं. "काय कुठे?" "टाके." ती त्याच्याकडे बघत राहिली. आता ती उठून आत जाईल असं त्याला वाटलं, आणि त्यानं वह्या घट्ट धरल्या. ती उठली नाही. तिनं उजवा हात पोटाच्या खालच्या बाजूला, साडीवरून, आडवा ठेवला. "इथून इथपर्यंत." "दुखत होतं?" "आधी नाही. नंतर. खोकला आला की." "गाठीचं काय निघालं?" "साधी निघाली." "कधी कळलं?" "घरी आल्यावर आठवड्यानं." "तो आठवडा…" तो म्हणाला, आणि पुढचा प्रश्न त्याला जमला नाही. तिनं तो न विचारताच घेतला. "त्या आठवड्यात मी रोज तुझ्यासमोर जेवत होते," ती म्हणाली. "तू एकदा म्हणालास, वरणात मीठ कमी आहे." त्याचं नाक गळू लागलं होतं, ते त्यानं मुलासारखं बाहीला पुसलं. तिनं ते पाहिलं आणि नजर काढून घेतली. बराच वेळ कंपासच्या टोकानं ती कागदावरच्या एकाच बिंदूला टोचत होती. मग, वर न बघता, जणू हेही आता सांगून टाकलेलं बरं अशा आवाजात तिनं बोलायला सुरुवात केली.

"भूल देणाऱ्या डॉक्टरनं विचारलं, बरोबर कोण आलंय. एकटी म्हणायची लाज वाटली. मी म्हटलं, नवरा येतोय, वाटेत आहे. भूल चढेपर्यंत मलाही ते खरंच वाटायला लागलं होतं."

"आणि जाग आल्यावर?" त्यानं विचारलं.

"जाग आल्यावर मी विचारलं, आला का."

"काय म्हणाले?"

"उशाशी एक मुलगी होती, नवीनच लागलेली नर्स. तिनं दाराबाहेर जाऊन बघितलं. परत आली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, अजून वाटेतच असतील."